चीक टाकायचा न्हाय

हौसा, तुझा बारावा व्हायच्या आत आपली मंगल बाळंत झाली. मुलगी झाली. तुझं सुतक आणि बाळंतपणाचं सुवेर, दोन्ही एकाच घरात, एकाच वेळी. माणसं उंबऱ्याशी अडखळतात. आत येऊन रडायचं की हसायचं, त्यांना कळत नाही. परवा तुझी बिडीकारखान्यातली मैत्रीण आली. दारातच म्हणाली, "दाजी, मी आता काय बोलू?" मी म्हटलं, "कायबी बोल, पण आदी हात धू."

तू कशी गेलीस ते मी इथं लिहीत बसत नाही. वस्तीच्या आडाचं पाणी बाधलं, घरोघरी ढाळ-उलट्या लागल्या, आणि दोन दिवसांत तुझं सगळं संपलं. तुझ्या मागोमाग मंगलला लागलं. नववा महिना, पोटात पोर, आणि ती भिंतीला धरून ओकत होती. शेवटी शेवटी तुला माझं नाव आठवत नव्हतं, पण "मंगीनं पाणी पोटात ठेवलं काय?" हे तू तीनदा विचारलंस. मी तीनदा व्हय म्हणालो. दोनदा ते खोटं होतं. तिसऱ्यांदा खरं निघालं. ती वाचली. तू नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी भ्यालोय. लग्न झाल्यापासून तू मला विचारत आलीस, "भ्यालासा काय?" आणि मी "हट्" म्हणत आलो. नोकरी जायची वेळ आली तेव्हा हट्, मंगलला सासरी पाठवताना हट्. आता विचारणारी नाही, तर मीच सांगतो. घरात कुणी खोकलं तरी मी उठून बघायला जातो. पोरगी झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून बसतो. रडायला लागली की भीती, गप्प झाली की जास्त भीती.

आणि सगळ्यात जास्त भ्यालो ते एका वाटीला.

पोरगी जन्मली आणि तासाभरात आक्कानं वाटी मागितली. तुझी अनगोळची वन्सं. तुझ्या मातीला आली ती मंगलसाठी थांबली. तिचा जीव मोठा, हे तूही कबूल करायचीस, भांडून झाल्यावर. तिनं वाटी पदरानं पुसली आणि मंगलला म्हणाली, "यात पिळून काढ. तीन दिवस पोरीला गुळाचं पाणी द्यायचं. चिकाचं दूध जड असतंय. त्यात तू आताच ढाळातनं उठलीयास. ती घाण अजून तुज्या अंगात हाय. पोरीच्या पोटात घालतीस काय?"

मंगल म्हणाली, "आई म्हणालती, चीक टाकायचा न्हाय."

"आई कुठाय आता?" आक्का बोलून गेली. मग तिलाच कसंतरी झालं. तोंडाला पदर लावून ती बाहेर आली. मी सोप्यात बसलो होतो. मला म्हणाली, "दत्तू, तू सांग पोरीला. बापाचं ऐकंल."

जावई उद्यमबागेतल्या कारखान्यातून पहाटेच्या गाडीनं आला होता. त्याच्याकडं बघितलं तर तो म्हणाला, "आप्पा, तुम्ही म्हणशीला तसं." म्हणजे सगळं माझ्या डोक्यावर आलं. पंचवीस वर्षं घरातलं असलं काही मी ठरवलंच नव्हतं, हौसा. आरडाओरडा मी करायचो, ठरवायचीस तू.

आणि तसली वाटी मी आधी हातात धरली होती.

आपल्या थोरल्याच्या वेळची. त्याच्याबद्दल तू कधी काढलं नाहीस, मीही नाही. माझी आई वाटी भरून माझ्या हातात द्यायची. "जा, पायदळी येणार न्हाय अशा जागी वत." मी परसात चिंचेच्या बुडात ओतायचो. तीन दिवस ओतलं. दाट, पिवळं, म्हैस व्याल्यावर निघतं तसंच. बाळ कापसाच्या बोळ्यानं गुळाचं पाणी चोखत पडायचं. महिना भरायच्या आत ते ढाळ लागून गेलं. त्यामुळंच गेलं असं मी म्हणत नाही. मंगलच्या वेळचाही चीक असाच ओतला आणि मंगल जगली. तेवढ्या एका गोष्टीला धरून मी इतकी वर्षं गप्प राहिलो. मंगल जगली की नाही? मग झालं तर. पण थोरल्याच्या वेळी मी चिंचेखाली वाकलो होतो तेव्हा तू खिडकीत उभी होतीस. बाळंतिणीनं उठू नये म्हणतात, तरी उठून उभी होतीस. मला हाक मारली नाहीस. मीही वर बघितलं नाही.

आक्का म्हणाली, "काय ते बोल. पोरगी भुकेली हाय."

माझ्या डोळ्यांपुढं तळं आलं.

आणीबाणी उठली त्या वर्षीची थंडी. निपाणीबाहेरच्या बीजतळ्यांवर, माशांची पिलं वाढवतात तिथं, मी राखणदार. तुला तंबाखूच्या धुरळ्यानं खोकला धरला म्हणून बिडी सोडून तूही तळ्यावर यायला लागली होतीस. त्या थंडीत माशांना तांबडे फोड आले. आधी खवले उचलायचे, मग कातडी सोलायची, मग मासा काठाला येऊन आडवा व्हायचा. आपण दोघं टोपल्यांनी काढायचो आणि चुना टाकून पुरायचो. साथ थांबली तेव्हा पैदाशीच्या माद्यांतल्या सहा उरल्या. सगळ्यांच्या अंगावर वण. एकीची शेपटी अर्धी. मी म्हटलं, ह्याबी पुरू. रोगट माल. ह्यांच्या पोटची पिलं रोगटच निघणार.

तू टोपली खाली ठेवलीस. "आवं, ज्यांनी फोड बघितला आणि मेल्या न्हाईत, त्यास्नीच पुरतायसा? खुळं झालायसा काय?"

"तुला काय कळतंय? कालपतोर बिड्या वळत व्हतीस."

"बिड्या वळून डोळं गेलं न्हाईत माजं. गोवर येऊन गेलेलं पोर परत गोवरानं गेलेलं बघितलायसा काय कवा? ह्यास्नी आता फोड येणार न्हाय."

"ह्यास्नी येणार न्हाय. पिलांचं काय? पिलांना कुठं येऊन गेलाय?"

तू टोपली परत उचललीस. मला वाटलं, जिंकलो.

मी दुसऱ्या तळ्यावरून धडधाकट दहा माद्या आणायला गेलो. परत आलो तर तू म्हणालीस, त्या सहा पुरल्या. आठ दिवसांनी मला कळलं की कोपऱ्यातल्या दगडी हौदात त्या मजेत फिरताहेत आणि तू रोज त्यांना पेंड भरवतेस. मी चिडून म्हटलं, "तुज्या सवती हाईत काय गं त्या, एवढं जपतीस?"

"सवती असत्या तर कवाच पुरल्या असत्या," तू म्हणालीस. मला हसू आलं, आणि हसलो की माझं भांडण संपतं हे तुला ठाऊक होतं.

माघात दोन्हीकडच्या माद्यांनी अंडी घातली. पाणगवताला मोहरीसारखी चिकटलेली. दोन-तीन दिवसांनी पिलं निघाली, जिऱ्याएवढी. ती काही खात नव्हती. गवताला तोंड लावून नुसती लोंबत होती. तू काठाला उकिडवी बसून बघत राहिलीस. चूल पेटवायची सोडून बघत राहिलीस.

"आवं, ही उपाशी हाईत की."

"न्हाईत. पोटाखाली बघ, पिवळी पिशवी हाय. आईनं अंड्यातनंच दिलेली. ती सरंपतोर त्यास्नी दुसरं कायबी लागत न्हाय."

"किती दिवस पुरती?"

"तीन दिवस. चारबी."

तू म्हणालीस, "म्हंजे चीकच की वो हा." आणि थोड्या वेळानं, पाण्याकडंच बघत, "म्हशीचा चीक खरवस करून गल्लीभर वाटतायसा. माशाचा चीक काढून घ्याय येत न्हाय म्हणून पिलास्नी मिळतोय. आणि बाईचा तेवढा चिंचेच्या बुडात."

तुझ्या तोंडून त्याबद्दल आलेलं ते एकच वाक्य. मी पाण्याची मोरी बंद करायची राहिली म्हणून उठून गेलो. मोरी बंदच होती.

पिलं आपण दोन हाप्यांत टाकली. हापा म्हणजे पाण्यात बांधलेली मच्छरदाणीच. एकात धडधाकट माद्यांची, एकात तुझ्या वणवाल्या सहांची. तळं एकच, पाणी एकच. ऊन तापायला लागलं तशी फोडाची साथ परत आली. धडधाकट माद्यांची पिलं पांढरी होऊन वर यायला लागली. आठवड्यात त्या हाप्यात बघवेना. शेजारच्या हाप्यात तुझी पिलं सळसळत होती. मी रोज सकाळी बघायचो आणि तुझ्याकडं न बघता माघारी यायचो.

मग मासेमारी खात्याचे साहेब आले. तरणे होते, बोलायला चांगले. त्यांनी विचारलं, हे कसं काय? आणि मी काय सांगितलं, तुला ठाऊक आहे. "साहेब, फोडातनं वाचलेल्या माद्या मी राखल्या." तू मागं टोपली घेऊन उभी होतीस.

साहेब खुश झाले. म्हणाले, कोंबडीचं असं असतं हे आम्ही शिकलोय. आईच्या अंगात रोगाशी झुंजून जे तयार होतं ते बलकातून पिलाला जातं. माशाचंही तसंच असेल, पण अजून कुणी छातीठोक सांगत नाही. मी विचारलं, ते पुरतं किती दिवस? ते म्हणाले, पिशवी सरली की हळूहळू ओसरत असणार.

साहेब गेले. मला वाटलं आता तू फाडून खाशील. तू म्हणालीस, "भाकरी खाऊन घ्या."

तिसऱ्या आठवड्यात तुझ्याही पिलांतल्या काहींना फोड आले. मला मेल्याला तेवढ्यातही आनंद झाला. म्हटलं, "बघ, तुज्यास्नीबी लागलं. मग काय उपेग तुज्या चिकाचा?"

"लागलं. पण मेली किती?" तू म्हणालीस. "तवर पोहाय शिकली, तोंडानं खाय शिकली, अंगात जोर आला. आईनं काय जलमभर पुरायचं काय?"

मी म्हटलं, "तू लई बोलतीस." त्यावर ते भांडण जे थांबलं ते थांबलंच.

आक्कानं माझा दंड हलवला. "दत्तू."

मी म्हटलं, "वतू नगंस आक्का."

"काय?"

"चीक टाकायचा न्हाय. मंगल ढाळातनं वाचलीया. तिच्या अंगात ढाळाशी झुंजल्यालं हाय. ते पोरीला मिळू दे."

"हे तुला कुणी सांगितलं? डाक्टरानं?"

"फोडातनं वाचलेल्या माद्यांची पिलं जगलीती."

आक्का कपाळाला हात लावून बसली. "आरं, मासळीवरनं माणसाचं ठरवतोस व्हय? त्या माद्या मी राखल्या, मी राखल्या म्हणून गावभर सांगत फिरलास, आमी ऐकून घेतलं. हे माणसाचं पोर हाय रं. आणि ह्या दुधानंच गेली तर?"

तो शब्द ऐकला आणि मी दाराची चौकट धरली. घट्ट धरली, हौसा. गेली तर? मला काय ठाऊक होतं? साहेबांनाही नव्हतं. तुलाही नव्हतं. तू काठावर बसून सहा माशांकडं बघितलं होतंस, एवढंच. एका बाजूला ती वाटी, जी आईनं, आजीनं, सगळ्यांनी भरली. दुसऱ्या बाजूला तुझं एक वाक्य. आणि तू तर त्याच रोगानं गेलीस. तुला तुझंच वाचवता आलं नाही, असं कुणी म्हणालं असतं तर मी काय बोलणार होतो?

"मी न्हाय राखल्या," मी म्हणालो.

"काय न्हाय राखल्या?"

"माद्या. मी पुराय निघालतो. हौसानं लपवून राखल्या. साहेबाला मी खोटं सांगितलं."

आक्का बघतच राहिली. जावई खाली बघायला लागला. तोंड उघडलंच होतं, तर पुढचंही आलं. "आणि थोरल्याचा चीक मी वतला."

"आईनं सांगितलंतं तुला."

"आईनं सांगितलं. वतला मी."

आतून मंगल म्हणाली, "आप्पा, मी काय करू?"

तिला सगळं ऐकू गेलं होतं. पातळ भिंत आपली. तुला हे सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. ऐकायला मंगल मिळाली, आक्का मिळाली, नवखा जावई मिळाला. तुझ्याजवळ पंचवीस वर्षं होतो आणि जमलं नाही. तू "भाकरी खाऊन घ्या" म्हणालीस तेव्हा तरी भाकरी बाजूला सारून म्हणायला पाहिजे होतं. मी दोन खाल्ल्या. वर चटणी मागितली.

"पाज," मी म्हटलं.

आक्का उठली. "काय झालं तर मला बोल लावू नगंस."

"लावणार न्हाय."

ती आत गेली. मला वाटलं भांडायला गेली. पण आतून तिचा आवाज आला, "आगं डोस्कं वर धर तिचं. नाक दबतंय की. थांब, मी दावते." मी सोप्यात भिंतीला टेकून बसलो. अंगात थंडी भरली होती, भर चैत्रात.

पाचवी झाली. सटवी येऊन काय लिहून गेली कुणाला ठाऊक. आठव्या दिवशी पोरीला पातळ झालं. एकदा, मग परत, मग परत. आक्का बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं आणि लंगोट धुवायला घेऊन निघाली. मी तिच्या हातातून घेतला आणि उलगडून बघितला. काय बघत होतो मलाच कळत नव्हतं. मंगल म्हणाली, "आप्पा, पाजू का नगं?" मला परत विचारलं, हौसा. मला वाटलं, एकदा सांगून सुटलो. तसं नसतं म्हणजे. दर तीन तासांनी विचारतात.

मी सायकल काढली आणि नर्सबाईला आणायला गेलो. वाटेत जिभेवर एकच, थोरला, थोरला. आल्यावर बाईंनी पोरीची टाळू बघितली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. म्हणाल्या, दूध तोडू नका, उलट जास्त पाजा. आणि बाळंतिणीला, घरात सगळ्यांना, पाणी उकळून. खळाखळा उकळून. मी विचारलं, "बाई, पहिल्यांदा चीक पाजला त्यानं तर न्हवं ना?" त्या म्हणाल्या, "चांगलं केलंत. कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी म्हटलं, "मालकिणीनं."

दोन दिवस पोरगी मलूल होती. ते दोन दिवस मी काही खाल्लं असेन तर आठवत नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ती असली किंचाळली की शेजारची दारात आली. दुधासाठी किंचाळत होती. आक्का तिला मांडीवर घेऊन म्हणाली, "आजीवर गेलीया. गप म्हटलं तर आनिक वरडती." आणि ती रडायला लागली. तुझ्या मातीला रडली नव्हती तेवढी रडली.

चिकानं वाचली असं मी कुणाला सांगत नाही. एकदा फुकटचं श्रेय घेतलं, परत नको. मंगल तर चिकाशिवायही जगली होती. पण आता मला निदान एवढं आहे की जे द्यायचं होतं ते दिलं. ओतलं नाही. थोरल्याच्या बाबतीत मला हे कधीच म्हणता येणार नाही, आणि ते घेऊन मी तुझ्याकडं येईन तेव्हा तू काय बोलशील ते बोल.

भीती गेलेली नाही. पावसाळा पुढं आहे, आडाला नवं पाणी येईल. पोरीच्या अंगात मंगलचं किती आहे आणि कधी ओसरणार, हे ना नर्सबाई सांगत ना कोण. तेव्हा सकाळी उठून चूल मी पेटवतो. तू असतीस तर हसली असतीस, धुरानं डोळे चोळत मी फुंकणी फुंकतो, राख मिशीत जाते. मोठा हंडा चढवतो. तोंड धुवायचं पाणीसुद्धा उकळतो. पोरीला गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं पुसायचं, ते फडकंही उकळतो. शेजारच्या दोघी आता आपली घागर आणून ठेवतात, त्यांचंही उकळतो. लाकूड किती जळतंय म्हणून आक्का ओरडते. जळू दे.

आज मंगल पोरीला खांद्यावर टाकून चुलीपाशी आली. हंडा खळखळत होता. म्हणाली, "आप्पा, झालं की. उकळलं. आता उतरवा."

मी म्हटलं, "असू दे. अजून जरा उकळू दे."